मदत हवी आहे: लाळेमुळे कडू जास्त लागतं की कमी?

मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे पण डोक्यातून जात नाहीये. अ‍ॅलर्जीची गोळी सुरू केल्यापासून तोंडाला सारखी कोरड असते आणि तेव्हापासून सकाळची बिनसाखरेची काळी कॉफी कडूजहर लागतेय. कॉफी तीच, चमचा तोच, आणि दुपारी तीच कॉफी बऱ्यापैकी चालते! म्हटलं लाळ कमी म्हणून कडू जास्त, संपला विषय. पण काल गंमत म्हणून जीभ बाहेर काढून टिश्यूने ठणठणीत कोरडी केली आणि वर कॉफी पावडरची चिमूट ठेवली तर काहीच नाही, शप्पथ, नुसता भुसा. आ वासून बसलो थोडा वेळ, मग जीभ आत घेतली, लाळ सुटली आणि असा काही कडूपणा पसरला की बेसिनकडे पळालो. आता कोरड्या जिभेला कडू कळतच नसेल तर कोरड्या तोंडात कॉफी जास्त कडू कशी? (गोळीचं डॉक्टरांशी बोलणार आहे, ते सल्ले नकोत.) आणि कडू जिभेच्या मागेच कळतं ना?

प्रतिसाद १: दोन्ही खरंय. पावडर विरघळल्याशिवाय चवकळ्यांपर्यंत पोचतच नाही, ते काम लाळेचं. कपातली कॉफी आधीच विरघळलेली, तिथे लाळ उलट ती पातळ करते आणि धुऊन नेते. झोपेत लाळ जवळजवळ बंद असते, त्यात तुमची गोळी, मग सकाळी रेंगाळणारच. मागेच कळतं हे मात्र चूक, कडू ओळखणारे साधारण २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि ते जिभेवर पुढेही असतात. मागच्या मोठ्या उंचवट्यांभोवती चर असतो, तो धुवायला तिथेच बारीक लाळग्रंथी असतात.

प्रतिसाद २: कडू की तुरट ते आधी बघा. जीभ खरखरीत होऊन टाळ्याला चिकटते का? मग ते तुरट. लाळेत ९९ टक्के पाणीच, पण उरलेल्यातली काही प्रोटीन्स टॅनिनला (तुरटपणा आणणारा पदार्थ) धरून बसतात आणि तोंडाचा बुळबुळीतपणा जातो. आणि उंदरांना रोज कडू खाणं दिलं तर लाळेतली प्रोटीन्स बदलतात आणि मग ते कडू जास्त खातात, असं प्रयोगांत दिसलंय. तुम्ही उंदीर नाही हे मान्य :)

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना! आज आधी चूळ भरली, दोन घोट पाणी प्यायलो आणि मग कॉफी. कडू होतीच, पण घशाशी रेंगाळली नाही. जीभ टाळ्याला चिकटणं मात्र जसंच्या तसं, म्हणजे इतके दिवस मी तुरटालाच कडू म्हणत होतो की काय. एक राहिलंच, त्या चरातल्या ग्रंथीसुद्धा गोळीने सुकतात का?