ॲम्बॅसडर मार्क २ ला बाहेरचा इनटेक मॅनिफोल्ड : बसवावा का, आणि नागपुरात कोणाकडे?

महालातला_मोटारवाला

मंडळी, सल्ला हवाय. गाडी १९७२ ची ॲम्बॅसडर मार्क २, इंजिन मूळचंच, १४८९ सीसी पेट्रोल. बोअर-पिस्टनचं काम झालंय, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं येतं. मेहुण्याने इंग्लंडहून येताना ॲल्युमिनियमचा एक इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा नळ) आणला, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीला लागतो तसला. त्यावर दीड इंची एसयू कंपनीच्या कार्बोरेटरची जोडी बसते. कार्ब जुने आहेत, पण सगळे सुटे भाग जागेवर आहेत.

सध्या एकच सोलेक्स कार्बोरेटर आहे. हा मॅनिफोल्ड बसेल का, बसला तर फरक जाणवेल का, आणि काम कोणाच्या हाती द्यावं? गाडी रविवारी रामटेक नाहीतर वर्धा रोडला निघते, मे महिन्यातही. उन्हात बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की आत्ताच नखरे करते.

आमचे मिस्त्री म्हणतात, "जुना खोला, नवा लावा, अर्ध्या दिवसाचं काम." मला काही ते पटत नाहीये.

तर्रीपोहे

मिस्त्रीचं अर्धं खरं आहे भाऊ. या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डात पाणी फिरत नाही, त्यामुळे रेडिएटर रिकामा करायची भानगड नाही. बॅटरीची अर्थची वायर काढा, पेट्रोलचा पाइप सोडा, लिंकेज (पेडलपासून कार्बपर्यंतची दांडी) सोडा, नट खोला, झालं. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. पन्नास वर्षांचा स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) हेडमध्ये तुटला तर मग अर्ध्या दिवसाचा आठवडा होते.

खरी गंमत लावताना आहे. इनटेक अन् एक्झॉस्ट एकाच बाजूला, पॅकिंगही दोघांचं एकच. मधल्या स्टडवरचं जाड वॉशर अर्धं इकडच्या फ्लँजवर (मॅनिफोल्डच्या बसायच्या कडेवर) अन् अर्धं तिकडच्या फ्लँजवर बसते. दोन्ही फ्लँज सारख्या जाडीचे नसले तर वॉशर तिरपं होते. जाड फ्लँज दबतो, पातळ फ्लँज ढिला राहते अन् तिथून हवा खेचते. मग स्लो लागत नाही, गाडी मिसिंग करते, अन् लोक महिनाभर कार्बच खोलत बसतात. बाहेरचा मॅनिफोल्ड घेतला की ही भानगड हमखास. आधी व्हर्नियर लावून दोघांची जाडी मोजा, मग बाकी बोलू.

पाचपावलीकर

बसण्याबद्दल: तुमचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, एमजीए आणि एमजीबी या गाड्या त्याच घराण्यातल्या. पोर्टांची (हेडमधल्या तोंडांची) मांडणी तीच, त्यामुळे मॅनिफोल्ड हेडवर यायला हरकत नाही. तरी डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. पोर्टाच्या कडेला निळा मार्किंग रंग लावा, नवं पॅकिंग दाबून ठसा घ्या, तेच पॅकिंग मॅनिफोल्डवर ठेवून बघा. पॅकिंगची कड पोर्टात डोकावत असेल तर पॅकिंग कापा, हेड घासत बसू नका. एमजीच्या काही मॅनिफोल्डांना पोर्टात बसणारी लोकेटिंग रिंग लागते. तुमच्या हेडमध्ये तिची खाच आहे का तेही त्याच वेळी बघा.

आता फरकाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. या हेडला चार सिलिंडरांसाठी इनटेकची दोनच तोंडं आहेत. १ आणि २ एका पोर्टवर, ३ आणि ४ दुसऱ्यावर. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. म्हणजे २ ने ओढलं की लगेच पाठोपाठ १ ओढतो, मग तो पोर्ट बराच वेळ रिकामा. पलीकडे ३ आणि ४ चं तसंच. नळावर एकामागोमाग लागलेल्या दोन घागरींसारखं, दोघांना मिश्रण सारखं मिळत नाही. मॅनिफोल्ड कितीही गुळगुळीत असो, पोर्टांची ही मांडणी तो बदलू शकत नाही. दोन कार्बमधली बॅलन्स पाइप थोडी मदत करते, म्हणून मॅनिफोल्डवर ती असेल तर बंद करू नका.

एमजीए १५०० मध्ये १४८९ सीसीचंच इंजिन होतं, दीड इंची दोन एसयू होते आणि ताकद सुमारे ७० अश्वशक्ती. पण ती एकट्या कार्बची नव्हती, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि कॉम्प्रेशनचाही त्यात वाटा होता. तुमच्या गाडीत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पिकअप मोकळा वाटेल, ओव्हरटेकला जीव येईल. टॉप स्पीडची स्वप्नं मात्र बघू नका.

कोणी वेबर साइडड्राफ्ट कार्ब सुचवेल. रविवारच्या गाडीला माझं मत एसयूच. ज्याला सुई, स्प्रिंग आणि पिस्टन कळतो त्याला तो घरच्या ओट्यावर उघडता येतो.

कागद_आधी

मध्येच एक. गाडीला पन्नास वर्षं झाली, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला वयाने पात्र आहे. त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. नवीन नोंदणीची फी २०,००० आणि मुदत दहा वर्षं. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तो विचार असेल तर जुना मॅनिफोल्ड, सोलेक्स, एअर क्लीनर, अगदी लिंकेजच्या पिनासुद्धा तेल लावून पिशवीत ठेवा. भंगारात देऊ नका.

महालातला_मोटारवाला

सगळ्यांचे आभार. जुनं काही टाकणार नाही. उन्हाच्या त्रासाचं काय? दोन कार्ब म्हणजे दुप्पट त्रास का?

तर्रीपोहे

हाव, काळजी नाही घेतली तर दुप्पटच. एक्झॉस्ट खाली, कार्ब वर, अन् नागपूरचा मे. गाडी बंद केली की एक्झॉस्टची सगळी धग फ्लोट चेंबरवर जाते अन् पेट्रोल उकळते. आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळते, त्यातलं इथेनॉल अजून लवकर उडते. म्हणून कार्ब अन् मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचे स्पेसर (धग अडवणारे जाड तुकडे) घाला अन् खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शील्ड लावा. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांबून न्या. पाइप इथेनॉलला चालणाराच घ्या, जुनं रबर आतून फुगून त्याचे तुकडे जेटमध्ये जातात. ई२० वर मिश्रण थोडं पातळ पडते, तर कार्बची सुई एक पायरी श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी लागेल. प्लगचा रंग पाहून ठरवा, अंदाजानं नाही.

तुमच्या जुन्या इनटेक-एक्झॉस्टच्या जोडीत इनटेक मधोमध एक्झॉस्टवर टेकवून बोल्टने धरला असेल, तर ती थंडीत मिश्रण गरम करायची सोय आहे. इनटेक काढल्यावर एक्झॉस्टचं ते तोंड उघडं राहते, त्यावर जाड लोखंडी प्लेट पॅकिंगसह लावा. मग डिसेंबरच्या सकाळी चोक जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागेल. मेच्या बदल्यात तेवढं चालते राजा.

पाचपावलीकर

लिंकेजचं राहिलंच. कार्ब डावीकडे, पेडल उजवीकडे. जुनी दांडी दोन कार्बच्या मधल्या शाफ्टला नीट जुळत नाही, केबल टाकून घ्या. पेडल पूर्ण दाबून दोन्ही बटरफ्लाय (कार्बमधल्या झडपा) पूर्ण उघडतात ना हे दुसऱ्याला कार्बजवळ उभं करून बघा. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युम नळी जोडायची जागा कार्बवर आहे का तेही आधीच तपासा. ती तोडून प्लग मारणारे मिस्त्री मी पाहिलेत, मग ॲव्हरेज पडलं की पेट्रोल पंपाला शिव्या.

मिस्त्री निवडताना एकच विचारा: दोन कार्बची हवा सारखी कशी करता? रबरी नळी कानाला लावून फुसफुस ऐकतो म्हणाला किंवा मीटर दाखवला तर गाडी द्या. "अंदाजाने होतं" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

महालातला_मोटारवाला

व्हर्नियर लावला. वॉशर बसते त्या जागी नवा इनटेक एक्झॉस्टपेक्षा साधारण दीड मिलिमीटर जाड आहे. तर्रीपोहेंनी आधीच सांगितलं होतं. आता?

हिंगणा_लेथवाला

दीड मिलिमीटर म्हणजे सरळ काम आहे. पोर्टकडच्या तोंडाला उगाच हात लावायचा नाही. जिथे वॉशर बसते ती कानाची जागा वरून मिलिंगने उतरवायची. पायरीचं वॉशरही बनवता येतं, पण ते पुढच्या वेळी खोलताना हरवतं आणि कोणीतरी साधं लावून मोकळा होतो. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र प्लेटला बोल्टने धरून एका सेटिंगमध्ये वॉशरची जागा समपातळीत आणतो. एक्झॉस्टचं तोंड वाकलं असेल तर त्यालाही हलका हात मारावा लागेल. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून बघा, प्रकाश दिसला तर सांगा.

नट पितळी घ्या, पुढच्या वेळी निघतील. साधारण १५ फूट-पाउंडला कसा, मधून सुरू करून बाहेर. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की परत एकदा कसा. हवा खेचते का बघायला स्लोवर चालू इंजिनाच्या सांध्यावर पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तर तिथेच गळती. कार्ब क्लीनर मारू नका, शेजारी तापलेला एक्झॉस्ट आहे.

मिलिंग एमआयडीसीत करून देतो. येताना एकटा नवा मॅनिफोल्ड आणू नका. एक्झॉस्ट, जुनी वॉशरं आणि कोरं पॅकिंग, सगळं आणा, आणि सकाळी लवकर या, दुपारी मशीन कंपनीच्या कामावर असते.