मराठी वळणाचा 'ल' संगणकावर कसा मिळवावा?

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात हिंडताना दुकानांच्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांची छायाचित्रे काढण्याची मला सवय आहे. त्यांवर मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' आढळतात. मात्र तेच नाव संगणकावर टंकित केले की अनेक फाँटांत हिंदी वळणाचा दंडयुक्त 'ल' उमटतो. यावर उपाय आहे का?

उत्तर 1 : युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत) दोन्ही वळणांसाठी एकच संकेतांक असल्यामुळे आकार फाँट ठरवतो. ओपनटाइप या प्रकारच्या फाँटमध्ये स्थानिक रूपांची (भाषेनुसार बदलणाऱ्या अक्षराकारांची) सोय असेल आणि आपण मजकुराची भाषा मराठी निवडली, तर अक्षर आपोआप बदलते.

उत्तर 2 : 2009 च्या शासन निर्णयाने पाट्यांवरची हीच पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही रूपे मराठीसाठी प्रमाण ठरवली, पण फ्लेक्सवाल्यांना ते कोण सांगणार! छपाईला धाडण्यापूर्वी अक्षरांचे आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करून) घ्यावे, म्हणजे छापखान्यातील संगणकावर वळण पालटत नाही. शुद्धलेखन मात्र आधीच तपासावे, कारण त्यानंतर मजकूर टंकून दुरुस्त करता येत नाही.

प्रश्नकर्ता : भाषा बदलताच 'ल' मिळाला, 'श' मात्र तसाच राहिला.

उत्तर 1 : मग त्या फाँटमध्ये 'श'चे मराठी रूप जोडलेले नसावे. ग्लिफ पॅनेलमध्ये (फाँटमधील सर्व अक्षराकार दाखवणाऱ्या चौकटीत) शोधून पाहावे, अन्यथा फाँट बदलावा.