नाकाबंदी आणि झडती : काय मागायचं, कुठे चुकतं

पळासनेरपासून नवापूरपर्यंत मध्य प्रदेश आणि गुजरात या दोन राज्यांच्या सीमा आपल्या दाराशी. नाके जास्त, म्हणून झडत्याही जास्त. ज्यांना हे काम जवळून माहीत आहे त्यांनी नेमकं लिहावं.

चोपडा, फौजदारी वकिली
नुसता संशय आला म्हणून कुणाचेही खिसे तपासायचा सरसकट अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (आताचा फौजदारी प्रक्रियेचा कायदा) नाही. शस्त्र, दारू, अमली पदार्थांचे कायदे वेगळे. कलम 185 खाली तपास अधिकाऱ्याने आधी कारण आणि काय शोधायचंय ते लिहायचं, नोंदीची प्रत 48 तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. संहितेत 'जागा' म्हणजे वाहनही, म्हणून जागेच्या झडतीचे हे नियम गाडीलाही. कलम 105 प्रमाणे झडतीचं चित्रीकरण सक्तीचं, पण ते बऱ्याचदा माल सापडल्यावर सुरू होतं. म्हणून पंचनाम्यातली सुरुवातीची वेळ बघा. चुकीची असेल तर सहीशेजारीच तसं लिहा. कोऱ्या कागदावर सही करूच नका, भाऊ.

शिरपूर, ट्रान्सपोर्ट
गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवावाच लागतो, डिजिलॉकरमधला चालतो. ठेवून घेतला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 ची तात्पुरती पोच मागा. गाडीची किल्ली हिसकावून घ्यायला या कायद्यात कलम नाही.

जळगाव, एनडीपीएस खटले
अंगझडतीआधी 'जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुमचा हक्क आहे' हे सांगावंच लागतं, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 50. दोघांना मिळून एकच नोटीस दिली तर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये परमानंद प्रकरणात सांगितलं. पिशवीच्या झडतीला मात्र कलम 50 लागत नाही. आरोपीला बहुतेक वेळा हा हक्क माहीतच नसतो आणि 'झडती देण्यास हरकत नाही' हा छापील मजकूर सहीसाठी पुढे येतो.

रावेर, केळी व्यापार
निवडणुकीच्या आचारसंहितेत 50,000 च्या वर रोख असेल तर खरेदी पट्टी आणि बँकेची पावती सोबत ठेवा. जप्त झाली तर जिल्हा तक्रार समितीकडे जा : जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्चाचे नोडल अधिकारी, कोषागार अधिकारी. गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर 7 दिवसांहून जास्त रक्कम अडवता येत नाही.

धुळे, भटक्या-विमुक्तांसोबत काम
अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरी आसपास चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावरच, हा उघड अन्याय आहे. पालावर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 103 पाळलंच पाहिजे : त्याच परिसरातले दोन स्वतंत्र पंच, जप्त मालाची यादी, राहणाऱ्याला तिची प्रत. पंच पोलीस गाडीतूनच आले असतील तर त्यांची गावं आणि गाडीचा क्रमांक टिपून ठेवा. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, पालाच्या आत, पडदा लावून.