अनुभव धागा : फ्रीज चालू आहे, पण थंड होत नाही

उन्हाळा तापू लागला आणि वळवाच्या पावसाने लाईटची ये-जा सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. फ्रीजमधला दिवा लागतो, कंप्रेसरचा आवाजही येतो. परंतु रात्री ठेवलेले दूध सकाळी नासते आणि दोशाचे पीठ भांड्याबाहेर येण्याइतके आंबते. मेकॅनिकला बोलावले की पाठीमागे हात लावून पाहिल्यावर त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, “गॅस गेलाय की वो काकू ह्याचा.” कधी ते खरेही असते. मात्र फ्रीजमधला गॅस हा स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपणारा पदार्थ नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि कमी झालाच असेल, तर कुठेतरी गळती असलीच पाहिजे. ती गळती न शोधता नुसता गॅस भरून घेणाऱ्यांना काही महिन्यांनी तेवढाच खर्च पुन्हा करावा लागतो.

म्हणून हा धागा. आपला फ्रीज एका दाराचा आहे की आपोआप बर्फ वितळवणारा फ्रॉस्ट-फ्री, लक्षण नेमके काय होते, आपण काय तपासले आणि दोष शेवटी कुठे निघाला, एवढे कृपया सविस्तर लिहावे. दुकानाचे, कंपनीचे किंवा दुरुस्ती करणाऱ्याचे नाव लिहू नये. खालच्या कप्प्याचे तापमान ३ ते ५ अंश सेल्सिअस आणि फ्रीजरचे उणे १८ च्या आसपास असावे, हे माप सर्वांनी धरून चालावे, म्हणजे ‘थंड’ या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा राहणार नाही.

शहापूर, बेळगाव

आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आहेत आणि मागच्या खोलीत स्वयंपाकघर. फ्रीज जुना, एका दाराचा, पाठीवर काळी जाळी उघडी असलेला. दोन-तीन आठवडे तो रात्रंदिवस न थांबता चालत होता, तरी पाण्याची बाटली जेमतेम गार होत असे. दिराने फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला तेव्हा जाळीच्या तारा दिसतच नव्हत्या. मागावरून उडणारा सुताचा बारीक कचरा फोडणीच्या तेलकट वाफेने तारांवर असा चिकटला होता की त्याचे करड्या घोंगडीसारखे एकसंध पान सोलून निघाले. प्लग काढून, आधी मऊ ब्रशने आणि मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने जाळी पुसली, ती पूर्ण वाळू दिली आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. आतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम ही जाळी करते. तीच झाकली गेल्यावर कंप्रेसरने कितीही जोर लावला तरी उष्णता जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कंप्रेसर मधूनमधून बंद पडू लागला, म्हणजे ठरलेली थंडी गाठून थांबू लागला. शहापूर-वडगावात ज्यांच्या घरी माग आहेत, त्यांनी निदान दिवाळी आणि गणपतीच्या साफसफाईत फ्रीजची पाठ विसरू नये. नव्या फ्रीजना ही जाळी दिसत नाही. ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते, त्यामुळे बाजू गरम लागणे हा दोष नव्हे. बाजूंना हवा मिळते की नाही, तेवढे पाहावे.

जांबोटी परिसर, तालुका खानापूर

आमच्याकडे जून लागला की पाऊस आणि वीज या दोघांचेही खरे नाही. फ्रीज थंड होत नाही म्हणून आम्ही शांतपणे त्याच्या मागे उभे राहून ऐकले. आधी काही सेकंद घुंऽऽ असा दबका आवाज, मग ‘टक्’, मग दोन-चार मिनिटे शांतता आणि पुन्हा तेच. कंप्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, व्होल्टेज अपुरे असल्याने त्याला फिरता येत नाही, तो तापतो आणि त्याच्या अंगावरचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा छोटा स्विच, त्याचा पुरवठा तोडतो, असा त्याचा अर्थ आहे. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, तेव्हा २३० च्या जागी संध्याकाळी १६५ च्या आसपास व्होल्टेज मिळत होते. दिवा मात्र लागतच होता, कारण दिव्याला तेवढे पुरते. व्होल्टेज खाली गेल्यावर पुरवठा तोडणारा आणि परत आल्यावर तीन मिनिटे थांबून जोडणारा स्टॅबिलायझर बसवला आणि तक्रार संपली.

ते तीन मिनिटे थांबणे फार महत्त्वाचे आहे. कंप्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतल्या जास्त आणि कमी दाबाच्या दोन बाजू सारख्या व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच लाईट आली तर कंप्रेसरला त्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते आणि तो अडतो. म्हणून लाईट सारखी येत-जात असेल, तर आम्ही सरळ प्लगच काढून ठेवतो. दार उघडले नाही तर खालच्या कप्प्यातले सामान चार तास चांगले राहते आणि गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत तग धरतो. पावसाळ्यात कणकुंबीकडच्या नातेवाईकांना तर याचाच आधार असतो.

निपाणी

आमची तक्रार वेगळी होती आणि ती समजायला वेळ लागला. फ्रीज फ्रॉस्ट-फ्री, दोन दारांचा. वर फ्रीजरमध्ये बर्फ व्यवस्थित, खालच्या कप्प्यात मात्र लोणी मऊ आणि भाज्या कोमेजलेल्या. फ्रीजर चालतो म्हणजे यंत्र ठीक आहे, असे समजून सासूबाईंनी खालचे बटण सर्वांत वरच्या आकड्यावर नेले, फरक शून्य.

या प्रकारच्या फ्रीजमध्ये थंडी निर्माण करणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या पांढऱ्या फळीआड असते आणि तिथला एक छोटा पंखा गार हवा खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर हिम साचत राहते, ते ठरावीक तासांनी एक हीटर वितळवतो आणि पाणी नळीवाटे कंप्रेसरवरच्या ताटलीत उतरून तिथल्या उष्णतेने सुकते. आमच्या फ्रीजमध्ये हे वितळवण्याचे कामच थांबले होते. हिमाचा थर वाढत पंख्यापर्यंत आला होता आणि पाती बर्फाला घासून खर्रखर्र आवाज येत होता. तो आवाज आम्ही कित्येक दिवस ऐकत होतो, पण त्याचा थंडीशी संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही.

पहिला उपाय घरचाच होता. सामान शेजारी हलवले, प्लग काढला, दोन्ही दारे उघडी ठेवली, खाली जुनी लुगडी अंथरली आणि पूर्ण चोवीस तास तसेच राहू दिले. फळीआडून किती पाणी निघाले ते पाहून धडकीच भरली. फ्रीज पुन्हा सुरू केल्यावर उत्तम चालला, आणि जेमतेम आठवड्याने तीच तक्रार परत आली. हे परत येणेच निदानाच्या कामी आले. बर्फ पुन्हा साचला, म्हणजे वितळवणाऱ्या साखळीतच दोष आहे, असे दुसऱ्या मेकॅनिकने सांगितले आणि मीटर लावून पाहिल्यावर हीटर शाबूत, पण त्याला लागून असलेला सेन्सर निकामी निघाला. पहिल्या मेकॅनिकने गॅसचा अंदाज सांगून ठेवला होता, आणि सेन्सरचा खर्च त्याच्यापुढे किरकोळ ठरला.

धागा सुरू करणाऱ्याकडून

निपाणीच्या ताईंच्या अनुभवावरून ‘रीसेट’विषयी लिहिणे प्राप्त आहे. प्लग दहा मिनिटे काढून ठेवणे हा रीसेट नियंत्रण-पट्टीसाठी, म्हणजे फ्रीजच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी असतो. विजेच्या झटक्याने इन्व्हर्टर फ्रीजची (ज्यात कंप्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो) पट्टी गोंधळली असेल, तर त्याने ती पुन्हा ताळ्यावर येते. फळीआडचा बर्फ दहा मिनिटांत वितळत नाही, त्याला पूर्ण दिवसच द्यावा लागतो. एका दाराच्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंडी कमी-जास्त करण्याच्या चकतीच्या मधोमध जे बटण असते, ते दाबल्यावर कंप्रेसर बंद राहतो आणि बर्फ वितळल्यावर आपोआप सुरू होतो. हा तिसराच प्रकार झाला. तिन्हींना लोक रीसेट म्हणतात आणि मग ‘रीसेट करून पाहिले, उपयोग नाही’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणताही रीसेट केल्यावर निकाल लगेच मागू नये. रिकाम्या फ्रीजला काही तास आणि भरलेल्याला कधी पूर्ण दिवस लागतो.

चिकोडी

थोडक्यात लिहितो. दुकानात मांडून ठेवलेला फ्रीज सवलतीत घेतला. दिवा, पंखा, पडद्यावरचे आकडे सर्व काही चालू, थंडी अजिबात नाही. तो दुकानातल्या प्रदर्शनासाठीच्या डेमो स्थितीत होता, ज्यात कंप्रेसर मुद्दाम बंद ठेवलेला असतो. माहितीपुस्तिकेत दिलेली दोन बटणे एकत्र दाबून धरल्यावर तो सुरू झाला. बटणांची जोडी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. लहान मुले पडद्याशी खेळत असतील, तर जुन्या फ्रीजलाही हे होऊ शकते.

हिंडलगा, बेळगाव

आमचा अनुभव उलट्या ऋतूतला, डिसेंबर-जानेवारीतला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने थंडीच्या दिवसांत पहाटे स्वयंपाकघरच गारठलेले असते. त्या दिवसांत खालचा कप्पा ठणठणीत, परंतु फ्रीजरमधला गोव्याहून आणलेला बांगडा मऊ पडू लागला. आमच्या मॉडेलमध्ये थंडी मोजणारा सेन्सर फक्त खालच्या कप्प्यात आहे. बाहेरच गारठा असल्यामुळे तो कप्पा लवकर तापत नाही, कंप्रेसर क्वचितच सुरू होतो आणि फ्रीजरला त्याचा वाटा मिळत नाही. पुस्तिकेत हिवाळ्यासाठी दाखवलेल्या स्थितीत बटणे ठेवल्यावर चोवीस तासांत मासे पुन्हा दगडासारखे झाले. बटणावरचे आकडे तापमानाचे नसतात, जोराचे असतात. ७ म्हणजे सात अंश नव्हे, बहुतेक फ्रीजमध्ये ७ म्हणजे सर्वांत थंड. हे आमच्या इमारतीत निम्म्या घरांना मान्यच नव्हते.

अथणी

वडिलांचे इन्सुलिन घरी असल्याने आम्हाला ‘साधारण थंड आहे’ या उत्तरावर भागवता येत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे लागते आणि एकदा गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, म्हणून तापमान मोजण्याची सवय लागली. तापाचा थर्मामीटर येथे कामाचा नाही. फ्रीजसाठीचा साधा थर्मामीटर मिळतो, तो पेलाभर पाण्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचावा. नुसत्या हवेचे तापमान दार उघडल्याबरोबर बदलते, पाण्याचे तसे बदलत नाही.

या मोजणीतून आम्हाला कळले की फ्रीज बिघडलेला नव्हताच. लग्नसराईत आलेले मिठाईचे खोके आणि कुंद्याचे डबे मागच्या भिंतीला टेकवून रचले होते आणि हवा येण्याची फट त्यांनीच बंद केली होती. फटीसमोरचे डबे गोठत होते, दारातल्या बाटल्यांना मात्र १२ अंश मिळत होते. डबे चार बोटे पुढे घेतल्यावर आकडा खाली आला. इन्सुलिन फटीसमोर ठेवू नये, तसेच दारातही ठेवू नये. मधली फळी सर्वांत भरवशाची.

कडोली

पावसाळ्यात दाराच्या रबरावर बुरशी येते, रबर आखडते आणि एका कोपऱ्यात फट राहते. कागदाचा कपटा दारात धरून दार लावावे आणि कपटा ओढावा; तो अडखळत न येता सुळकन निघाला, तर तिथे फट आहे. कोमट साबणाच्या पाण्याने रबराच्या चुण्या आतून पुसाव्यात. रबर वाकडे झाले असल्यास गरम पाण्यात पिळलेले फडके दाबून धरल्याने बऱ्याचदा पूर्ववत होते. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले, तर दार आपल्याच वजनाने मिटते.

संकेश्वर

मी स्वतः दुरुस्तीचे काम करतो, तेव्हा आमची बाजूही मांडावी म्हणतो. गॅस गेल्याचे निदान सरसकट खोटे असते असे कृपया समजू नये. कंप्रेसर सतत चालतो आहे, पाठीमागची किंवा बाजूची नळी गरम होत नाही आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात थोडेसे हिम धरते, बाकीचा भाग कोरडा राहतो, ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. एका दाराच्या फ्रीजमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे बर्फ काढण्यासाठी मारलेली सुरी किंवा उलथने. फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात, टोक लागले की फुस्स.

ग्राहकांनी आम्हाला तीन प्रश्न जरूर विचारावेत : गळती कुठे सापडली, नळ्यांतली हवा पंपाने ओढून घेणार का, आणि गॅस वजन करून भरणार का. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो साधारण पन्नास-साठ ग्रॅमच लागतो, त्यामुळे अंदाजाने भरून चालत नाही, आणि तो ज्वलनशील असल्याने बंद स्वयंपाकघरात ज्योत पेटवून जोडकाम करणे धोक्याचे आहे. असे कोणी करू लागल्यास त्याला थांबवावे. गळती भिंतीतल्या फोमआड असेल आणि फ्रीज पंधरा वर्षांचा असेल, तर मी स्वतःच नवा घ्या म्हणून सांगतो.

आमच्या लोकांची एक अडचण मात्र खरी आहे. तासभर तपासून ‘काही बिघडलेले नाही, डबे पुढे घ्या’ असे सांगितले, तर पुष्कळ घरांतून तपासणीचे पैसे द्यायला नाक मुरडतात, पण गॅस भरला म्हटले की मुकाट्याने देतात. मग काहींना गॅसच सोयीचा वाटतो.

येळ्ळूर

संकेश्वरच्या दादांनी लिहिले आहे, त्याच्या पुढचे एक. घर बदलताना फ्रीज टेम्पोत आडवा घालून आणला होता आणि पोहोचताच सुरू करायला निघालो होतो. आडवे ठेवल्याने कंप्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते, म्हणून फ्रीज जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ, आणि रात्रभर आडवा असेल तर पूर्ण दिवस, उभा ठेवून मगच प्लग लावावा, असे टेम्पोवाल्या मामांनीच बजावले. आम्ही रात्रभर थांबलो. तरीही सकाळी तो मधेच बंद पडू लागला, तेव्हा दोष एक्स्टेन्शन बोर्डात निघाला. पिन ढिली बसत होती आणि बोर्डाचे प्लास्टिक पिवळे पडून तापले होते. आता फ्रीज थेट भिंतीतल्या १६ अँपियरच्या पॉइंटवर आहे.