डेटाबेस प्रोग्रॅम रखडतो, त्यात वापरणाऱ्याचा काय दोष?

पानगळ: आमच्या ग्रंथालयाच्या नोंदी एका डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहेत. पुस्तकं आणि सभासद मिळून ८० हजारांच्या आसपास. शीर्षकाची तीन अक्षरं टाकली की कर्सरचं चाक फिरायला लागतं, खिडकी पांढरी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. समोर सभासद ताटकळत उभा. परवा ‘सेव्ह’ दाबलं, काहीच हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, तर एकाच सभासदाचे दोन क्रमांक तयार झाले. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘डेटा फार झालाय, जुना काढून टाका.’ अहो, जुन्या नोंदी हव्यात म्हणूनच तर हा प्रोग्रॅम घेतला! मला याचा मनस्वी राग आलाय.

इंडेक्सवाला: राग समजतो, पण सगळं खापर प्रोग्रॅमवर फोडणं मला पटत नाही. ८० हजार नोंदी म्हणजे डेटाबेसला काहीच नाही. शीर्षकाच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे नोंदी कुठे आहेत हे सांगणारी क्रमवार लावलेली सूची, आहे का ते आधी बघा. नसेल तर प्रत्येक शोधाला पहिल्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं टेबल चाळलं जातं. इंडेक्स असेल तर १० लाख नोंदींतसुद्धा तीन-चार पायऱ्यांत हवी ती नोंद सापडते. आणि शोध ‘कुठेही असलेली अक्षरं’ असा लावला असेल तर साधा इंडेक्स असून नसल्यासारखाच, कारण शब्दाची सुरुवातच ठाऊक नसते. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे का? मग शोधाचं काम तुमचाच कॉम्प्युटर करतो आणि त्यासाठी लागणारा डेटा नेटवर्कवरून ओढत बसतो. मांडणी आपण करायची आणि दोष दुसऱ्याला द्यायचा, हे बरोबर नाही.

कोरा_कागद: साफ असहमत. संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडलं, त्या लेखाची सुरुवातच अशी आहे की, डेटा यंत्रात आत कसा रचलाय हे जाणून घेण्याची वेळ वापरणाऱ्यावर येता कामा नये. आणि आज ग्रंथालयात पुस्तकं देणाऱ्या बाईंनी इंडेक्स शिकायचा? जो रकाना रोज शंभर वेळा शोधला जाणार, त्यावर इंडेक्स प्रोग्रॅम बनवणाऱ्यानेच टाकून द्यायला हवा होता.

पानगळ: इंडेक्सवाला, तुमचे आभार मानते. शीर्षकावर इंडेक्स खरंच नव्हता. तो टाकला, शोध ‘या अक्षरांनी सुरू होणारी’ असा केला आणि आता यादी लगेच येते. इतकी वर्षं उगाच सोसलं. पण दोन क्रमांकांचं काय? शिवाय काल मी एका सभासदाचा पत्ता बदलला, त्याच वेळी शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने त्याचा फोन नंबर बदलला. दोघांनाही ‘सेव्ह झालं’ असा संदेश आला. नंतर उघडून बघते तर पत्ता जुनाच!

इंडेक्सवाला: इथे मात्र मी माघार घेतो. दोघांनी एकच नोंद उघडली, नंतर सेव्ह करणाऱ्याकडची जुनी प्रत तुमच्या बदलावर चढली. नोंदीला आवृत्ती क्रमांक (दर बदलाला वाढणारा आकडा) ठेवून सेव्ह करताना तो तपासला असता, तर ‘ही नोंद दरम्यान बदलली आहे’ असं दुसऱ्याला सांगता आलं असतं. नोंद जतन झाल्याचं सांगून ती न ठेवणं हा दोष वापरणाऱ्याचा असूच शकत नाही. दोनदा सेव्ह दाबल्यावर दुसरी नोंद होणं हेही तसंच. तरी रोजचा बॅकअप घेणं तुमच्याकडेच राहतं, ते मी सोडणार नाही.

कोरा_कागद: बॅकअप घ्याच. पण पत्ता कधी पुसला गेला हेच कळलं नाही, तर कोणत्या दिवसाची प्रत उघडणार? प्रोग्रॅम रखडला तर डोळ्यांना दिसतं, इथे गेलेलं दिसतही नाही. मला जास्त संताप याचाच येतो.

पानगळ: आज संध्याकाळी फाइलची प्रत काढून दोन कॉम्प्युटरवर हाच प्रकार मुद्दाम करून बघणार आहे. कोणी काय बदललं, कधी सेव्ह केलं, शेवटी काय उरलं, सगळं ओळीने लिहून कंपनीला पाठवते. फोनवर आता काही बोलणार नाही.