घरभेटींची वही भरते आहे, माया मात्र आटते आहे. काय करावं?

गट समन्वयक, इंदूर

जय येसु सगळ्यांना. आमच्या पल्लीत, म्हणजे आमच्या कॅथलिक देवळाच्या मंडळीत, आजारी आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाणारा एक गट आहे. रविवारच्या सकाळच्या मिस्सेनंतर (देवळातल्या मुख्य उपासनेनंतर) जोड्या ठरतात. प्रत्येक जोडीला चार घरं, वहीत तारीख आणि सही. पाटणीपुऱ्यापासून सुखलियापर्यंत घरं विखुरलेली आहेत, तरी एकही घर सुटत नाही. कागदावर सगळं बिनचूक आहे, पण भेट सात-आठ मिनिटांत आटोपते. प्रार्थनेचं पुस्तक उघडायचं, 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणायचं, 'बरं काकू, येतो' म्हणून उठायचं. आज यांची पाळी होती म्हणून आले, हे घरच्यांनाही कळतं.

गटात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, वहीच बंद करा, प्रीती पाळी लावून येत नसते. दुसरे म्हणतात, ज्यांनी वर्षानुवर्षं देवळाचं तोंड पाहिलं नाही, ज्यांची वर्गणी थकलेली आहे, त्यांच्यासाठी आपला रविवार का घालवायचा? पहिलं करिंथकर १३ सगळ्यांना पाठ आहे: सगळी मालमत्ता वाटून टाकली आणि प्रीती नसेल, तर काही लाभ नाही. मग प्रीती न वाटता केलेली भेट फुकट गेली का? आणि ती वाटेपर्यंत थांबायचं का? मतं तर हवीच, पण प्रत्यक्षात काय बदलायचं तेही सांगा.

निवृत्त कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक)

वही अजिबात बंद करू नका, भाऊ. मनाला येईल तेव्हा जायचं ठरलं की काय होतं ते सांगतो. जिथे चहा मिळतो, गप्पा रंगतात, माणूस 'देवासारखे आलात' म्हणतो, त्या घरांत गर्दी होते. ज्या खोलीत लघवीचा वास आहे, म्हातारा बहिरा आहे आणि तेच ते गाऱ्हाणं पुन्हा सांगतो, तिथे महिनोन्महिने कोणी फिरकत नाही. मनाच्या ओढीवर सोडलेली सेवा आवडीच्या माणसांपुरती उरते. आपल्यावर प्रीती करणाऱ्यांवरच प्रीती केली तर जकातदारही तेच करतात, असं प्रभूने मत्तय ५ मध्ये म्हटलंय ते याचसाठी. नावडता माणूस विसरला जाऊ नये, एवढ्यासाठी पाळी लागते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही हे दोन्ही एकत्रच आहे. त्यातलं कलम, म्हणजे कॅनन, ५२९ धर्मगुरूला घरोघरी जायला सांगतं, आणि त्याच वाक्यांच्या ओघात म्हणतं की आजाऱ्यांना, विशेषतः मरणाच्या दारात असलेल्यांना, भरभरून प्रेमाने साहाय्य करावं. म्हणजे जाणं हे कर्तव्यच आहे, पण कसं जायचं तेही तिथेच सांगून ठेवलंय.

बिघाड वहीत काय लिहिता यात आहे. तारीख आणि सही एवढंच लिहिलं, की माणूस सहीसाठी जातो. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: त्यांनी काय सांगितलं, आपण काय कबूल केलं, ते कोण कधीपर्यंत करणार. 'डाव्या डोळ्याला दिसत नाही म्हणतात, एम.वाय. हॉस्पिटलला दाखवायचंय, सोबत कोणी नाही, गुरुवारी सकाळी अमुक जाईल.' असं लिहिलं की पुढच्या भेटीला विषय आपोआप मिळतो, आणि कबूल केलेलं राहून गेलं असेल तर तेही दिसतं. प्रार्थना कमी पडल्याची तक्रार फार कोणी करत नाही. 'बघतो' म्हणून न केलेली गोष्ट मात्र लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहते. वही समन्वयकाकडेच राहू द्या. त्यात माणसांच्या खाजगी गोष्टी असतात, ती सॅक्रिस्टीच्या (देवळातल्या सामानाच्या खोलीतल्या) टेबलावर उघडी पडता कामा नये.

चार घरांची दोन करा. एका घरी निदान अर्धा तास. सुखलियाहून पाटणीपुऱ्यापर्यंत चार घरं गाठायची म्हटलं की पहिल्या घरातच डोळा घड्याळाकडे जातो. घरं जास्त आणि माणसं कमी असतील, तर दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने जा, पण बसा. जोडी सारखी बदलू नका, निदान सहा महिने तीच जोडी त्याच घरी. दर वेळी नवा चेहरा आला की आजाऱ्याला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि मग तो 'ठीक आहे' म्हणून गप्प बसतो. आदल्या दिवशी फोन करा. अंघोळ, डबा, ड्रेसिंग यांच्या वेळा टाळा. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार कुणाचंही दार वाजवू नका, इंदूरच्या उन्हात ती घटकाभर पडायची वेळ असते.

खोलीत गेल्यावर पलंगाशी उभं राहून वाकून बोलू नका. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, आणि ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला. पलंगावर टेकू नका, दुखऱ्या पायाला धक्का लागतो. पुस्तक पिशवीतच राहू द्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यांचीच, प्रार्थना नंतर, आणि तीही त्यांनी जे सांगितलं त्यावरच. मांडीवर पुस्तक उघडून कोणी समोर बसलं की आजारी माणूस बोलायचं ते गिळून टाकतो.

कम्युनियन (मिस्सेत पवित्र केलेली भाकर किंवा द्राक्षारस) न्यायचं असेल तर देवळातून थेट त्याच घरी. वाटेत भाजी नाही, पेट्रोल नाही, मोबाईलवर गप्पा नाहीत. घरच्यांना आधीच सांगा: लहान टेबल, त्यावर धुतलेला पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती, अर्धा पेला पाणी आणि चमचा. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती लावायचीच नाही. सिलिंडर कोपऱ्यात असतो, नळी चादरीखाली असते, आणि सवयीने काडी ओढली जाते. गिळायला त्रास असेल तर होस्तियाचा (त्या भाकरीचा) अगदी छोटा तुकडा द्या, मागून चमचाभर पाणी, आणि गिळलं का ते बघून मगच पुढचं बोला. पाणीसुद्धा ठसकत असेल तर डॉक्टर काय म्हणालेत ते घरच्यांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. घन काहीच जात नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं, कॅनन ९२५ ती मोकळीक देतं. त्यासाठी फादरांशी आधी बोला. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. रात्रभर जागलेली सून 'मी आत्ताच चहा घेतला' म्हणून मागे सरते, तिला हे आवर्जून सांगा.

पापनिवेदन आणि आजाऱ्यांचा अभ्यंग (पवित्र तेल लावून करायची प्रार्थना) ही कामं फक्त धर्मगुरूंची. आपलं काम त्यांना वेळेवर बोलावण्याचं. घरच्यांना वाटतं तेल लावलं म्हणजे संपलं, म्हणून शुद्ध हरपेपर्यंत ते बोलावत नाहीत. दुखण्याने किंवा वयामुळे जिवाला धोका सुरू झाला की अभ्यंग देता येतो, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही देता येतो, आणि दुखणं वाढलं तर पुन्हाही. हे सगळं माणूस बरा बोलतोय तेव्हाच सांगून ठेवलं पाहिजे.

अर्थसमितीतला एक

कॅटेकिस्ट काकांनी वहीचं सांगितलं, मी पावतीबुकाचं सांगतो. आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्या पिशवीत पावतीबुक असताच कामा नये. 'जाताच आहात तर वर्गणी घेऊन या' हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण उशाशी बसून एकदा पावती फाडली की पुढची प्रत्येक भेट वसुलीची होते. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते दारच उघडत नाहीत, आणि गटाच्या नोंदीत 'घरी नव्हते' असं पडतं.

वर्गणी हे कर्तव्य खरंच आहे. कॅनन २२२ श्रद्धावंतांवर ख्रिस्तसभेच्या गरजा भागवण्याची जबाबदारी टाकतं, देवळाचं वीजबिल आकाशातून भरलं जात नाही. पण ते देणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याने ते पाळलं नाही म्हणून आपलं जाणं रद्द होत नाही. गरिबीमुळे कोणी संस्कारांच्या (कम्युनियन, अभ्यंग अशा विधींच्या) साहाय्यापासून वंचित राहू नये, हे कॅनन ८४८ सांगतं, आणि गरिबाला योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये, हे ११८१. म्हणून वर्गणी ऑफिसच्या खिडकीवर किंवा पाकिटातून घ्या, ऑनलाइन भरायची सोय करा. थकबाकीची यादी अर्थसमितीपुरती ठेवा, भेटीच्या गटाला दाखवूच नका. माणूस कितीही चांगला असो, नाव यादीत बघितलं की घरात शिरताना चेहरा बदलतो. मयत झालेल्या घरी 'कबरस्तानाचं क्लिअर आहे ना?' हे कोणीही विचारायचं नाही, असा लेखी ठराव पल्ली परिषदेत करून घ्या. हिशोब महिन्याने, एकाच माणसाने, खाजगीत करावा. तोही माफ करायची तयारी ठेवून.

आता 'त्यांच्यासाठी आपला रविवार का' म्हणणाऱ्यांबद्दल. त्यांना कठोर ठरवू नका. लूक १५ मधल्या गोष्टीत सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, तेव्हा मोठा मुलगा शेतात राबून आलेला असतो. इतकी वर्षं चाकरी केली, एक करडूसुद्धा मिळालं नाही, असं तो मोजून दाखवतो. आणि बाप काय करतो? धाकट्यासाठी धावत गेला, तसा या थोरल्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची समजूत घालतो. जे माझं ते सगळं तुझंच आहे, म्हणतो. तुमच्या गटात ही माणसं दमलेली असणार. त्यांच्या घरी कोण जातं? समन्वयकाने वर्षातून दोनदा प्रत्येक सेवकाच्या घरी जावं, काम न सांगता. आणि वर्षातून एक महिना प्रत्येकाला सुट्टी, कारण न विचारता.

मंडळीतला, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट)

आम्ही दुसऱ्या मंडळीचे, पण दुखणं तेच. प्रीती वाटेपर्यंत थांबायचं का, असं समन्वयक भाऊ विचारताहेत, त्याला प्रकटीकरण २ मध्ये सरळ उत्तर आहे. इफिसच्या मंडळीचे श्रम, धीर, खोट्या प्रेषितांची पारख, सगळ्याचं कौतुक होतं. मग ठपका येतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. त्यावरचा उपाय मात्र मनात भाव आणण्याचा सांगितलेला नाही. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्यं कर. आधी हातपाय हलतात, मन मागून येतं, आणि कधी कधी येतच नाही. तरी केलेली शुश्रूषा आजाऱ्याच्या अंगाला लागतेच. पौल 'लाभ नाही' म्हणतो तो करणाऱ्याला. म्हणून वाटत नसताना गेलात तर जाण्याआधी दोन मिनिटं थांबून प्रभूकडे तेवढंच मागा: मला या माणसाची माया दे.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. विनाअट प्रीती म्हणजे विनाअट रोकड नव्हे. घरात कोणी दारू पीत असेल तर औषधाचे पैसे हातात देऊ नका. चिठ्ठी घेऊन मेडिकलवर स्वतः भरा, बिलाची प्रत ठेवा. रेशन द्यायचं तर आठवड्यापुरतं द्या, महिन्याचं एकदम दिलं तर विकलं जातं. अट मदतीच्या रूपावर घालायची, येण्याजाण्यावर नाही. तो पुन्हा प्यायला तरी पुढच्या पाळीला जायचंच.

गट समन्वयक, इंदूर

खूप उपयोगी पडलं. एक राहिलं. काही घरांत आमच्या गटातल्या बहिणींना उलटसुलट बोलतात, एका घरी तर सुनेला मार बसतो हे दिसतं. गटातले काही जण राणी मारियांचं उदाहरण देतात, क्षमा करा म्हणतात. तिथे काय करायचं?

निवृत्त कॅटेकिस्ट

उदाहरण आपल्याच भागातलं आहे, म्हणून नीट समजावून द्यावं लागेल. सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या गरिबांना सावकारांच्या तावडीतून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. ही क्षमा ज्यांचं माणूस गेलं त्यांनी स्वतः केली, कोणी त्यांच्यावर पाळी म्हणून लावली नव्हती. शिवाय मारेकरी तेव्हा गजाआड होता, आणि राणी मारिया स्वतः अन्यायापुढे गप्प बसल्या नव्हत्या. म्हणून मार खाणाऱ्या सुनेला 'क्षमा कर' सांगायचा अधिकार भेट देणाऱ्याला नाही. तिला एकटीला गाठून विचारा, सासू-नवऱ्यासमोर कधीच नाही. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर सांगा. कागदावर लिहून देऊ नका, सापडला तर तिलाच भोगावं लागतं. वहीत तिच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. फादरांना तोंडी सांगायचं, तेही तिला विचारून. तिच्या जिवाला लगेच धोका दिसला तर मात्र वाट न बघता ११२ लावायचा.

उलटसुलट बोलणाऱ्यांकडे जोडीतली दोन्ही माणसं जुनी, मुरलेली पाठवा. बोलणं सुरू झालं की वाद घालू नका, 'आज येतो, पुढच्या वेळी बसू' म्हणा आणि खरंच पुढच्या वेळी जा. हात उगारला किंवा बहिणींकडे वाईट नजरेने पाहिलं तर मात्र त्या घरी बहिणींना पाठवायचं बंद. पुरुषांची जोडी जाईल, आणि तीही आत न शिरता दारातूनच विचारपूस करेल.

गट समन्वयक, इंदूर

समजलं. येत्या रविवारी घरं निम्मी करतो आणि वहीचे रकाने बदलतो. पावतीबुक आजच अर्थसमितीकडे परत जातंय. ऑक्सिजनचं सगळ्या जोड्यांना आज रात्रीच कळवतो, दोन घरांत सिलिंडर आहेत.