फॉरमॅट मारायची घाई नको

लॅपटॉपवर विंडोजचं अपडेट ६० टक्क्यांवर असताना लाइट गेली, बॅटरी नावापुरतीच होती, आणि आता लोगोखाली नुसते ठिपके फिरतायत, असं तुम्ही म्हणताय. वरच्या उत्तरांत दोघांनी लगेच फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, सुचवलंय. थांबा हो जरा!

किती वेळ वाट पाहिलीत? माझा जुना हार्डडिस्कवाला लॅपटॉप एकदा दीड तास तसाच होता, मग गुपचूप सुरू झाला. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका.

दिवा शांत असेल तर पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून बंद करा, चालू करून लोगो दिसला की पुन्हा बंद. दोन-तीनदा असं केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर येतं. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, फोनवरून बघा.

तेही जमलं नाही तर आधी फोटो-कागदपत्रं वाचवा. त्याच पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) notepad टाइप करून नोटपॅड उघडा, फाइल-ओपनमध्ये जाऊन खाली 'ऑल फाइल्स' निवडा. तिथूनच राइट क्लिकने फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट होतात. सी ड्राइव्ह तिथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो, दचकू नका. प्रगतीची पट्टी मात्र दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. चहा करून या.

दिवा कसा दिसतोय ते कळवा, मग पुढचं बघू.